पाहुण्यांना धूळ लागू नये

हुरडा आला की मला पेट्रोलचा वास येतो. एकदा हे घरात बोलून गेले, तर नवऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांची वेळ घेऊ का म्हणून विचारलं. पुरुषांना माहेर नसतं, त्यामुळे काही गोष्टी त्यांना समजावत बसण्यात अर्थ नसतो.

माझं माहेर नगरहून श्रीगोंद्याकडे जाताना डांबरी सोडून आत वळलं की लागतं. खाली काळी जमीन, तिच्यात शाळू. वर मुरमाड माळ, त्याच्यावर काही नाही. पौषात शाळूची कणसं दुधाने भरतात. बांधाच्या कडेला खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसकट उडवायचं आणि ते गरम हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. नेमकी त्याच दिवसांत आमच्या माळावरून रॅली जायची. मोटारींची, आंतरराष्ट्रीय. हा शब्द आमच्या गावात शाळेत न गेलेल्या बायकांनासुद्धा बिनचूक म्हणता यायचा.

आता हुरडा येतो, रॅली येत नाही. यंदाचा हा तिसरा पौष. वास मात्र नाकात तसाच येतो. नाकाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

रॅली असायची तेव्हा नगर शहर आठवडाभर अंगात आल्यासारखं वागायचं. एरवी आमचं शहर कुठल्याही गोष्टीला 'बघू' म्हणतं. पण रॅलीच्या आठवड्यात चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा कुठली गाडी चारही चाकांनी ओढते आणि कुठली नुसती मागच्या, यावर भांडायचा. शाळांना अर्धी सुट्टी मिळायची. मोठ्या मैदानावर गाड्या उभ्या राहायच्या, त्यांच्यावर अंगभर नावं चिकटवलेली, लग्नात नवरदेवाच्या गाडीला चिकटवतात तशी. बाया लेकरांना कडेवर घेऊन गाड्या दाखवायला न्यायच्या आणि लेकरं गाड्यांऐवजी गोऱ्या माणसांच्या भुवया बघत बसायची, कारण त्या पिवळ्या होत्या.

माझं दुकान तिथून जवळच, कचेरीच्या बाहेरच्या ओळीत. मराठी टायपिंग, अर्ज, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स. वीसेक वर्षं मी लोकांचे अर्ज लिहिते आहे. विहिरीचे, वारसाचे, वीज जोडणीचे, शेजाऱ्याच्या लिंबाच्या फांदीचे. माझी भाषा चांगली आहे असं लोक म्हणतात. माझा अर्ज वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं एका म्हाताऱ्याने येऊन सांगितलं होतं. काम झालं का, विचारलं तर म्हणाला, "नाही, पण पाणी आलं." माझ्या हातचे अर्ज असेच. वाचले जातात, मंजूर होत नाहीत. एक मात्र झाला, आणि त्याचीच ही गोष्ट.

पण त्याआधी पहिल्या वर्षाचं सांगायला हवं.

पहिल्या वर्षी रॅली गावावरून जाणार हे कळलं तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत उभे राहून म्हणाले, "परदेशातून मानसं येनार. त्यांच्या अंगावर धूळ बसली तर गावाची काय शोभा?" सगळ्यांना पटलं. त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरला टँकर जोडून माळावरच्या रस्त्यावर पाणी मारलं. आमच्या दाराजवळ एक वळण होतं, काटकोनातलं. तिथे तर गावच्या बायकांनी हाताने सडा टाकला आणि वर रांगोळी काढली. मी शहरातून मुद्दाम आले होते, तर मीही एक कमळ काढलं. माझ्या कमळाला सात पाकळ्या झाल्या आणि एक अर्धी.

पहिली गाडी माळावरून आली ती आवाजाच्या पुढे पळत असल्यासारखी. वळणावर आली, माझ्या कमळावर गेली, आणि वळलीच नाही. भिजलेल्या मुरमावरून सरळ घसरत अण्णांच्या शाळवात शिरली. कणसांच्या वर नुसतं तिचं टप दिसत होतं. मग दार उघडून एक लांबलचक, मुळ्यासारखा पांढरा माणूस बाहेर आला. त्याच्यामागून त्याचा जोडीदार, हातात वळणांची वही धरून. दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. चाकांच्या खुणांमध्ये गुलाबी आणि हिरवी रांगोळी ओढली गेलेली. तो मुळा खाली बसला आणि त्याने रांगोळीला बोट लावलं, आणि मग इतका हसला की त्याच्या जोडीदाराला त्याचं हेल्मेट धरावं लागलं.

अण्णांना पिकाचं काहीच वाटलं नाही. पाहुणा आपल्या दारात पडला, याचंच त्यांना मरणाचं वाटलं. तीसचाळीस माणसांनी गाडी उचलून रस्त्यावर ठेवली. माझ्या वहिनीने, सुनीताने, तेवढ्यात बॉनेटला कुंकू लावलं आणि दोघांच्या हातावर भाजका हुरडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, आणि पुढे काय निकाल लागला कुणास ठाऊक, पण घाईत असलेल्या माणसाने हुरडा चावून खाल्लेला मी तेवढाच बघितला.

संध्याकाळी रॅलीवाले आले. रागावले नाहीत. उलट अण्णांना म्हणाले, या वळणावर एक जबाबदार माणूस हवा, पुढच्या वर्षीपासून तुम्ही थांबा. नारिंगी जाकीट दिलं, शिट्टी दिली. कोणी रस्त्यावर यायचं नाही, जनावर यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी मारायचं नाही.

त्या दिवसापासून अण्णा मार्शल झाले. गाव त्यांना 'मारशलअण्णा' म्हणायला लागलं. आधी ते नुसते सहा एकरवाले अण्णा होते. आमच्या आईच्या माघारी ते फारसं बोलत नसत. पण पौष जवळ आला की त्यांची जीभ सुटायची. जाकीट धुऊन वाळत पडायचं. वळणावरच्या घरांत जाऊन सांगायचे, शेरडं बांधा, कोंबड्या डालात घाला, सडा अंगनातच. गाड्या यायच्या, एकेक मिनिटाच्या अंतराने, मागे धुळीचा लोट माळभर लोळायचा, आणि त्या लोटातून अण्णांची शिट्टी ऐकू यायची. त्यांना सगळ्यात नवल वाटायचं ते ड्रायव्हरचं नाही, शेजारच्याचं. "गाडी येवढी पळती," ते सांगायचे, "आन् शेजारचा मानूस मान खाली घालून वही वाचत बसतो. रस्त्याकडं बघतच न्हाई."

"आमच्याकडंबी तसंच हाय की," वहिनी भाकरी थापता थापता म्हणायची. "गाडी मी चालवायची, आन् तुमचा ल्योक शेजारी पेपर वाचतो."

माझा भाऊ खरोखरच पेपर वाचत असायचा. तो मान वर न करता म्हणायचा, "वळण आलं की सांगतो."

रशीदभाईंची माझी ओळख त्याच दिवसांतली. मार्केट यार्डाच्या मागे त्यांचं गॅरेज. एका वर्षी एका परदेशी गाडीचा खालचा पत्रा आमच्या माळाने फाडला, तर रशीदभाईंनी जुन्या नांगराचा फाळ कापून तिथे जोडला. ती गाडी त्या फाळावर उरलेली रॅली पळाली. त्याचं प्रमाणपत्र इंग्रजीत आलं होतं, ते मराठीत करून घ्यायला ते माझ्याकडे आले आणि मग येतच राहिले. बोलता बोलता एकदा म्हणाले होते, "ताई, हे लोक इतक्या लांबून का येतात ठाऊक आहे? आपल्या मुरमासाठी. गुळगुळीत रस्ते त्यांच्या घरी भरपूर पडलेत."

हे मी ऐकलं होतं. मान डोलावली होती. चहा मागवला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तर तो अर्ज. रॅलीची बरीच वर्षं झाल्यावर एकदा अण्णा दुकानात आले. धुवट सदरा, टोपी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी हुरडा. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शालन, रस्त्याचा अर्ज लिही. डांबरी पायजे. पाव्हनी मानसं खड्ड्यात आदळत्यात. पानी मारू देत न्हाईत, तर मग निदान डांबर तरी मारू."

वहिनी बरोबर आली होती, बाजाराला. ती म्हणाली, "अण्णा, त्यात हेबी घाला. पावसाळ्यात गाडी येत न्हाई, धाकट्याच्या येळी मला कळा सुरू झाल्या तवा बाजंवर घालून नेली. दुधाचे कॅन डोक्यावर न्यावं लागत्यात."

"ते नगं," अण्णा म्हणाले. "ते रडगाणं वाटतं. तसले अर्ज त्यांच्याकडं ढीगभर असतील. पाव्हन्यांचंच लिही."

मी पाव्हण्यांचंच लिहिलं. आणि खरं सांगायचं तर फार सुंदर लिहिलं. 'सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यांना आमच्या दारी धूळ लागू नये, एवढीच या मातीची इच्छा.' हे वाक्य टाइप करताना मला रशीदभाईंचं बोलणं आठवलं होतं. अगदी स्पष्ट आठवलं. पण वाक्य इतकं छान उतरलं होतं की ते खोडायला हात होईना. लिहिणाऱ्या माणसाच्या हातून गुन्हे होतात ते असे. त्यासाठी त्याला कोणी पकडत नाही, हा भाग वेगळा.

अर्ज मंजूर झाला. इतक्या वर्षांत पहिला. गावाने मला नारळ आणि टॉवेल दिला. सहा महिन्यांत रस्ता काळाभोर झाला, वळणाला पांढरे पट्टे आले. शेजारच्या गावांनी माझ्याच अर्जाची झेरॉक्स काढून गावाचं नाव बदलून आपापले अर्ज केले. तेही मंजूर झाले. माझ्या गद्याचा एवढा प्रसार दुसरा झाला नाही.

पुढच्या पौषाच्या तोंडावर रॅलीवाले रस्ते बघायला आले. अण्णा नारिंगी जाकीट घालून वळणावर उभे होते. जीप आली, डांबरावर थांबली. एकजण उतरला, बुटाच्या टाचेने रस्ता ठोकून बघितला, आणि अण्णांशी हात मिळवून म्हणाला, रस्ता फार चांगला झालाय. अण्णांनी त्या दिवशी घरी येऊन तेवढंच सांगितलं, की चांगला झालाय म्हणाले. मग एक पत्र आलं. नगरच्या आसपास मातीचे पुरेसे रस्ते राहिले नसल्याने यापुढे रॅली दुसऱ्या राज्यात होईल, आजवरच्या प्रेमाबद्दल आभार. पत्र इंग्रजीत होतं. ते मराठीत करायला, अर्थात, माझ्याकडेच आलं.

शहराने दोन वर्षं नुसती हळहळ केली. यंदा मात्र रशीदभाईंनी उचल खाल्ली. चारदोन गॅरेजवाले, एक लॉजवाले, असे मिळून माझ्या दुकानात आले.

"ताई, निवेदन लिहायचं. रॅली परत आणा. असं लिहा की वाचणाऱ्याने गाडी काढून इकडे यायला निघालं पाहिजे."

"माझ्या लिहिण्यानेच गेली," मी म्हणाले.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. ज्याने पंक्चर केलं त्यालाच जागा माहीत असते."

निवेदनाला एक परिशिष्ट जोडायचं ठरलं. उपलब्ध मातीचे रस्ते. गाव, लांबी, वळणं, असे तीन रकाने. रॅलीवाल्यांना दाखवायचं की बघा, अजून आहेत. मी गावागावांतल्या ओळखीच्यांना फोन केले. रॅली परत यावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. आपल्या गावचा रस्ता कच्चा आहे असं लिहून द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. ज्यांचा खरंच कच्चा होता ते म्हणाले, नाव नका टाकू, आमचा मंजुरीत आहे, कच्चा पाहिजे असं कुणी वाचलं तर तिथेच थांबेल. कर्जतकडच्या एका सरपंचाने तर सांगितलं, "म्याडम, रॅली आना. आमी बघायला येऊ की."

एकाच माणसाने नाव दिलं. अण्णांनी. फोनवर म्हणाले, "आपल्या गावाचं लिही. रस्ता उखडून देतो म्हनावं."

मला वाटलं चेष्टा आहे. म्हणून रविवारी माहेरी गेले.

हुरड्याचे दिवस असूनही आगटी पेटली नव्हती. भाऊ कारखान्यावर, सीझनला तो तिकडेच असतो. अण्णा ओसरीवर बसलेले. चौऱ्याहत्तरीचे झालेत, पाठ जरा वाकली आहे. मी म्हटलं, "अण्णा, रस्ता असा उखडता येत नाही. सरकारी आहे."

"येका वळणापुरता. शंभर पावलं. परत मुरूम टाकू. मी बघितलंय सगळं."

वहिनी दुधाचा कॅन स्कूटीला बांधत होती. डांबरी झाल्यावर तिने स्कूटी घेतली, दुधाच्या स्वतःच्या पैशावर. सकाळी डेअरी, तिथून पोरीला कॉलेजच्या बससाठी फाट्यावर सोडायचं. ती दोरीची गाठ मारत शांतपणे म्हणाली, "उखडा. म्या परत डोक्यावर कॅन घेते. तुमी शिट्टी वाजवा, मी बाजूला थांबते."

वहिनी गेली. जरा वेळाने अण्णा उठले, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि चालायला लागले. मी मागे. थांबा म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. त्यांच्या वयाच्या माणसाला आणि माझ्या वयाच्या बाईला आता अडवाअडवीचा कंटाळा येतो. ऊन कोवळं होतं. दोन्हीकडे शाळू उभा, पाखरं हाकायला गोफण घेऊन कुणीतरी लांब माचावर उभं. उसाने भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. धुळीचा कण उडाला नाही. मला, देवाशपथ, बरंच वाटलं. साडी स्वच्छ राहिली.

वळणावर अण्णांनी कुदळ डांबराच्या कडेला मारली. टणत्कार झाला. पुन्हा मारली. चारपाच घावांनी तळहाताएवढा तुकडा निघाला. ते खाली बसले, बोटांनी उकरायला लागले. डांबराखाली खडी, खडीखाली आणखी मोठी खडी. त्यांनी ती एकेक करून बाजूला ठेवली, तांदूळ निवडावा तशी. मुरूम लागेना.

"खालचा मुरूम कुठं गेला?" त्यांनी मला विचारलं, जणू मी तो माझ्या दुकानात नेऊन ठेवला आहे.

"अण्णा, रस्ता करताना काढतात तो. खणून नेतात."

"कुठं नेत्यात?"

"मला काय माहीत. दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यावर."

ते तसेच बसून राहिले. उठायला गेले तर गुडघ्याने साथ दिली नाही. धाप लागली होती. मी हात दिला, तोही धरला नाही. घर तिथून दिसत होतं, पण चढ होता. तेवढ्यात वहिनी रिकामा कॅन घेऊन परत आली. तिने खड्डा बघितला, खडीची लहानशी रास बघितली, सासऱ्याचा घाम बघितला. स्कूटी उभी केली नाही, नुसता पाय टेकला.

"बसा मागं," ती म्हणाली.

आमच्याकडे सासरा सुनेच्या मागे गाडीवर बसत नाही. कुणी नियम केलेला नाही, पण बसत नाही. बाजाराला जायचं तरी अण्णा फाट्यापर्यंत चालत जायचे आणि ती त्यांच्या पुढून स्कूटीवरून जायची, पदर सावरत. स्कूटी आल्यापासून तिने कधी बसा म्हटलं नव्हतं आणि त्यांनी कधी मागे पाहिलं नव्हतं.

अण्णांनी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं, म्हणजे मी होते, पण लेक धरत नाहीत. ते बसले. दोन्ही पाय एका बाजूला, बायका बसतात तसे, कारण धोतरात दुसरं जमेना. कुदळ मांडीवर आडवी. धरायला काही नाही म्हणून एका हाताने दुधाचा कॅन धरला.

"हळू चालीव," ते म्हणाले.

"हळूच हाय. रस्ता चांगला हाय."

ती दोघं चढावरून गेली. मी मागून चालत. गाडीचा आवाज जवळजवळ नव्हताच. मला वाटलं होतं ही गोष्ट मला हसू आणेल, घरी जाऊन नवऱ्याला रंगवून सांगेन. अजून सांगितलेली नाही.

जेवताना अण्णांनी भाकरीचा घास मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "शालन, त्या कागदावरनं आपल्या गावाचं नाव काढ," ते म्हणाले. वहिनीने त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही. दुपारी ती पाटीभर खडी आणि उरलेलं कसलंसं सिमेंट घेऊन वळणावर जाऊन तो खड्डा बुजवून आली. अण्णा पडून होते. झोपलेले नव्हते, भिंतीकडे तोंड होतं.

सोमवारी रशीदभाई दुकानात आले. निवेदन तयार होतं. त्यात एकही सुंदर वाक्य नव्हतं, ते मी मुद्दाम जपलं होतं. त्यांनी वाचलं, पान उलटलं, परिशिष्टापाशी थांबले.

"अण्णांचं गाव होतं ना इथे?"

"होतं. त्यांनीच काढायला सांगितलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले. बाहेर शाळेच्या रिक्षा जात होत्या. बराच वेळ ते रिकाम्या रकान्यांकडे बघत राहिले, एखाद्या इंजिनाकडे बघावं तसे.

"बरं केलं," ते म्हणाले. मग पहिल्या रकान्यावर बोट ठेवून, "ताई, आमची गल्ली लिहा."

"गल्ली?"

"गटारासाठी खोदली, दोन वर्षं झाली. तशीच आहे. मातीच माती. परवा माझी स्वतःची मोटरसायकल घसरली."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते. चेष्टा करायची ताकद त्यांच्याही अंगात उरलेली दिसत नव्हती. मी पहिल्या रकान्यात गल्लीचं नाव टाइप केलं.

"लांबी?"

"दोनशे पावलं धरा."

"वळणं?"

त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात गल्लीतून एकदा जाऊन आले.

"एक," ते म्हणाले. "पिठाच्या गिरणीपाशी. पण चांगलं आहे."